चिमटा कोणी लावला

पणजोबांच्या थडग्यावरच्या दगडात वरून खाली नऊ अक्षरं कोरलेली होती. हुई-चनने डावा डोळा तळव्याने झाकला आणि उजव्याने ती वाचायला घेतली. वरची तीन दिसली, खालची तीन दिसली. मधल्या तिन्हींच्या जागी मात्र राखाडी चिखलाचा थेंब पडल्यासारखं काहीतरी बसलं होतं. तिने नजर खाली नेली तसा तो थेंबही खाली सरकला. मधली अक्षरं मोकळी झाली, खालची बुडाली.

गुरुवारपासून तिचा हाच उद्योग चालला होता. भिंतीवरच्या घड्याळावर करून झालं, औषधाच्या बाटलीवर करून झालं, झोपलेल्या लेकीच्या नाकावर करून झालं. दर वेळी वाटायचं, या खेपेला थेंब लहान झाला असेल. आज शनिवार उजाडला तरी तो होता तेवढाच होता.

"काय गं, डोळ्यात काही गेलं का?" मागून पी-श्याताई म्हणाली. ही थोरली नणंद. फंगयुआनला तिचं औषधांचं दुकान होतं, आणि माणसाच्या चेहऱ्यावरूनच गोळी काढून द्यायची तिला सवय.

"धूर गेला, ताई."

"उदबत्त्या अजून पेटवायच्यात."

हुई-चन हसली आणि खाली वाकून गवत उपटायला लागली. छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची निगा करायच्या सणाला, वर्षभराचं रान काढायचं, ढिगाऱ्यावर पिवळे कागद पसरून त्यांवर खडे ठेवायचे, ते काम सुनांचं. थोरली जाऊ मुलांना घेऊन माहेरच्या थडग्यांवर गेली होती, म्हणून यंदा सगळं हिच्यावरच होतं. एकट्या डाव्या डोळ्याला अंतराचा अंदाज येत नव्हता; तिने दोनदा खडा कागदाच्या बाहेर ठेवला. कोणी पाहिलं नाही, असं तिला वाटलं.

सासूबाईंनी उदबत्त्या लावल्या आणि पूर्वजांशी मोठ्याने बोलायला सुरुवात केली. त्यांचं बोलणं नेहमीच शेजारणीशी बोलल्यासारखं असायचं. "मंगळवारी ते सोयादुधाच्या यंत्रांचे लोक येणार आहेत बरं का. हुई-चनचे जोड बघायला. दोनशे चाळीस टाक्यांचं काम आहे. तिचा हात स्थिर राहू दे, एवढंच. बाकी आमचं आम्ही बघू." मग त्यांनी चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकले. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे पूर्वज नुसतेच हसले. हो नाही, ना नाही.

"परत टाक," आबा, तिचे सासरे, म्हणाले.

परत टाकले. या वेळी एक उलटा, एक सुलटा. होकार. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. हुई-चन मात्र गवत उपटत राहिली.

ल्याव घराण्याचा कारखाना शनगांगच्या भाताच्या शेतांमध्ये, तीन पत्र्यांच्या शेडांत होता. भूकंपाच्या वर्षी पहिली शेड पडली, तेव्हा आबांनी ओळखीपाळखीच्यांकडून पत्रे आणून स्वतःच्या हातांनी ती उभी केली होती. ल्याव तिएन-शुई हे त्यांचं नाव निघालं की पंचक्रोशीत लोक अजून 'जोड' म्हणत. विजेच्या ठिणगीवर स्टीलच्या पत्र्याला पत्रा असा शिवायचे, की वरून नख फिरवावं तर अडखळू नये. पन्नास वर्षं त्यांनी तेच केलं. मागल्या वर्षी धाकटा मुलगा, हुई-चनचा नवरा वेन-छुआन, पत्रे जोडायची, हाती धरायची लेझरची बंदूक घ्यायची म्हणाला, तेव्हा घरात आठवडाभर ताटंवाट्या आपटल्या. "पिचकारी आहे ती!" आबा म्हणाले होते. "पोरांच्या हातात द्यायची. तिला जोड म्हणायचं?" थोरला चिन-फा आधी वडिलांच्या बाजूने होता. पण पत्रे कापायचं लेझर यंत्र त्याच्याच ताब्यात होतं, आणि कापणीतून पैसा कसा येतो ते त्याने पाहिलं होतं. शेवटी त्याने बाजू बदलली आणि बंदूक आली. पण ती चालवायला सगळ्यांत चांगला हात निघाला तो कोणाचा, तर सुनेचा. तेव्हापासून आबा तिच्या जोडांवरून नख फिरवायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. घरात त्यालाच शाबासकी समजत.

गुरुवारी सकाळी झालं ते अगदी साधं होतं. बंदूक अशी असते की तिचं तांब्याचं टोक पत्र्याला टेकल्याशिवाय किरण सुटत नाही. टाकीच्या काठाला एक चिमटा लावायचा असतो. टोक टेकलं की चिमट्यातून विजेचं मंडल पुरं होतं, मग किरण. टोक उचललं की किरण बंद. त्या भरवशावर, चिमटा टाकीलाच असेल असं धरून, हुई-चनने घाम पुसायला संरक्षक चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन पत्र्यांत फट राहिली का ते बघायला टाकीत वाकली. बोट खटक्यावर होतंच. तीळ तव्यावर फुटावा तसा 'टक' आवाज झाला. आवाज बाहेरून आला की डोक्यातून, हेही तिला कळलं नाही. मग सगळं पांढरं, मग हिरवं. दुखलं मुळीच नाही. तिने पाहिलं तर चिमटा टाकीच्या काठाला नव्हताच. तो बंदुकीच्या स्वतःच्याच टोकाला चावून बसला होता. म्हणजे बंदूक हवेतसुद्धा सुटायला मोकळी होती, आणि टाकीच्या आतल्या आरशासारख्या पत्र्यावरून तो न दिसणारा किरण परतून तिच्या डोळ्यात आला होता.

तिने चिमटा काढला, टाकीला लावला, चष्मा खाली ओढला आणि जोड पुरा केला.

कारण चिमटा कोणी लावला असेल, ते तिला ठाऊक होतं. गेल्याच महिन्यात वेन-छुआन वैतागून म्हणाला होता, कोपऱ्यात टोक जरा उचललं की बंदूक उचकी दिल्यासारखी अडखळते, काहीतरी करायला हवं. हे सांगितलं असतं तर चिन-फादादा म्हणाला असता, घ्या, आणलं ना यंत्र! आबा काहीच म्हणाले नसते, आणि ते जास्त वाईट. मंगळवार एकदा पार पडू दे, मग बघू, असं तिने ठरवलं होतं.

घरी येईपर्यंत दुपार झाली. गोल टेबलावर पातळ पोळ्यांची चळत, तिच्याभोवती कोबी, मोड, गाजराचा कीस, डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, अंड्याच्या धिरड्याचे तुकडे आणि साखर घातलेला शेंगदाण्याचा कूट. ज्याची त्याने पोळी भरायची आणि गुंडाळायची. चिन-फाच्या पोळीत नेहमीप्रमाणे एवढं भरलं जायचं की ती फाटायची, आणि नेहमीप्रमाणे पी-श्याताई म्हणायची, "याच्या पोटाला शिवण घालायला हुई-चनलाच बोलवा."

आजही ती म्हणाली. सगळे हसले. हुई-चनने हसत हसत सूप वाढायला पातेल्यात डाव घातला, सासूबाईंच्या वाटीवर आणला आणि ओतला. वाटी होती तिथून चार बोटं डावीकडे.

"अगं आई गं!" सासूबाईंनी हात झटकला. "लक्ष कुठंय तुझं? भाजले की मी!"

"चुकलं आई, चुकलं..." ती फडकं शोधायला लागली. फडकं तिच्या समोरच होतं.

"आज थडग्यावर पण असंच," चिन-फा तोंडातल्या घासावरून म्हणाला. "दोन कागद उडाले. मी उचलून आणले."

म्हणजे पाहिलं होतं.

आबांनी अर्धवट गुंडाळलेली पोळी ताटात ठेवली. "हुई-चन, बस."

ती बसली.

"इकडं बघ. डावा डोळा झाक."

"आबा, जेवण होऊ दे ना..."

"झाक म्हटलं."

तिने झाकला. आबांनी हात तिच्या तोंडासमोर धरला. "बोटं किती?"

तिला मनगट दिसत होतं, बाहीचं बटण दिसत होतं. त्यावर तो राखाडी थेंब. तिने अंदाज केला. "तीन."

वेन-छुआन पुटपुटला, "मूठ आहे गं ती."

"कधीपासून?" आबांनी विचारलं.

"गुरुवार."

"बंदुकीने?"

तिने मान हलवली.

"मग त्यात काय एवढं!" सासूबाई एकदम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती होती, म्हणून तो आणखी चढला. "यांचे डोळे काय कमी वेळा भाजले? रात्रभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखं ओरडायचे. गायीचं दूध घातलं, बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, तिसऱ्या दिवशी परत कामावर. थांब, दूध आहे घरात..."

"आई, बस खाली," पी-श्याताई म्हणाली. ती उठून हुई-चनच्या जवळ आली आणि तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. "दुखतंय?"

"नाही. मुळीच नाही."

"पाणी? आग? टोचतंय?"

"काहीच नाही, ताई. नुसता डाग आहे. मधोमध."

पी-श्याताईचा हात हनुवटीवरून खाली आला. "दुखत असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "आबांचं भाजायचं ते वरचं कातडं, ते नवं येतं. हे आतल्या पडद्याला लागलंय. तिथं दुखायला काही नसतंच. उठ. पर्स घे. तायचुंगच्या मोठ्या दवाखान्यात, आत्ता."

"आत्ता?" चिन-फाने तोंड पुसलं. "सणाच्या दिवशी तातडीच्या विभागात रांग असेल. आणि एक मिनिट. तिथं विचारतील, कसं झालं. काय सांगणार?"

"जे झालं ते."

"ताई, जरा डोक्याने घे. कामावर झालं म्हटलं की तो कागद कामगार खात्याकडे जातो. ते यंत्राला सील ठोकतात. मंगळवारी पाहुणे आले की त्यांना काय दाखवू, सील? अकरा माणसं आहेत माझ्याकडे." तो हुई-चनकडे वळला आणि त्याचा आवाज मऊ झाला. "तुला दवाखान्यात न्यायचंच आहे. मी स्वतः नेतो. फक्त एवढंच म्हण, की सूर्याकडे बघत राहिलीस. माणसं बघतात. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तिला दिसली नाही म्हणूनच हे सगळं चाललंय," पी-श्याताई म्हणाली.

"चिन-फा म्हणतोय ते चूक नाही," सासूबाई म्हणाल्या. फडक्याखाली त्या आपलं भाजलेलं मनगट चोळत होत्या. "डोळा तोच, डॉक्टर तोच, औषध तेच. कारण सांगून डोळा लवकर बरा होतो का?"

"होतो, आई! काय लागलं ते कळल्याशिवाय डॉक्टर औषध कशाचं देणार?"

हुई-चनने नवऱ्याकडे पाहिलं. वेन-छुआन हातातली रिकामी पोळी दुमडत होता. एक घडी, दुसरी घडी. दोन दिवस तिने ज्याच्यासाठी ओठ शिवून घेतले होते, तो माणूस पोळीच्या घड्या घालत बसला होता.

"पण मला एक कळत नाही," चिन-फा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मऊ राहिला नव्हता. "टोक टेकल्याशिवाय ती सुटत नाही. याच एका गोष्टीवर मी आबांना राजी केलं होतं. मग सुटली कशी?"

तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला आणि तिच्यापाशी थांबला.

"हुई-चन?"

"चिमटा टोकाला लावलेला होता," ती म्हणाली.

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम." चिन-फाची मान हळूहळू धाकट्या भावाकडे वळली. "उचक्या देते, उचक्या देते, कोण म्हणत होतं महिनाभर?"

वेन-छुआनने पोळी खाली ठेवली. आधी त्याने बायकोकडे पाहिलं. ती नजर हुई-चनला चमत्कारिक वाटली. तिच्यात अपराध नव्हता, विनवणी होती. गप्प राहा, अशी. मग तो म्हणाला, "मीच लावला."

"गाढवा!" चिन-फाने टेबलावर थाप मारली. कुटाची वाटी उडाली. "स्वतःच्या बायकोचा डोळा..."

"हो, मीच! झालं? ओरड आता. तिला काही बोलू नकोस."

हुई-चनला दोन दिवसांत पहिल्यांदा संताप आला. "आत्ता सांगतोस?" ती म्हणाली. "गुरुवारी संध्याकाळी माझ्या शेजारी बसून भात खाल्लास. चिमटा तू लावलास तिथं नाही, टाकीला लागलाय, हे तुला दिसलं नाही? एकदा तरी विचारावंस! मी तुझ्यासाठी गप्प बसले, आणि तू..."

"माझ्यासाठी?" वेन-छुआन बावचळला. "मला कुठं माहीत होतं काही झालंय? मला तर आत्ता वाटलं की तू..." आणि तो थांबला.

"मी काय?"

"की तूच लावला होतास. कोपऱ्यांसाठी. मंगळवार जवळ आला म्हणून."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. पी-श्याताईने कपाळाला हात लावला. "वा! ही त्याच्यावर पांघरूण घालतेय, तो हिच्यावर. मग लावला कोणी? पणजोबांनी?"

"मी," आबा म्हणाले.

ते एवढं हळू म्हणाले की सासूबाईंनी "काय?" म्हणून विचारलं.

"चिमटा मी लावला. गुरुवारी पहाटे." आबांचे दोन्ही हात टेबलावर होते. उजव्या हाताचं बोट आपोआप थरथरत होतं, आणि त्यांनी त्यावर डावा हात ठेवला. "दोन महिने जातोय मी पहाटे. तुम्ही उठायच्या आत. भंगारातले तुकडे घेऊन."

"तुम्ही?" चिन-फाला खरंच कळेना. "आबा, तुम्ही त्या यंत्राला पिचकारी म्हणता."

"म्हणतो. आणि ती हिच्या हातात असा जोड टाकते, जसा मला पंचेचाळीसाव्या वर्षी जमला. बघायचं होतं कसं टाकते ते." त्यांनी मान खाली घातली. "माझा हात आता हलतो. टोक पत्र्यावर टिकत नाही. उचललं गेलं की बंद, उचललं गेलं की बंद. मग फोनवर एका माणसाने दाखवलं, चिमटा टोकालाच लावायचा, म्हणजे कुरकुर नाही. रोज लावायचो, रोज काढायचो. गुरुवारी हिने," त्यांनी सासूबाईंकडे हनुवटी हलवली, "पेज निवतेय म्हणून हाक मारली. मी गेलो. काढायचा राहिला."

सासूबाईंनी तोंडाला पदरासारखं ते फडकं लावलं. मघाशी सुनेवर चढलेला त्यांचा आवाज कुठे गेला ते कळेना. "मी हाक मारली म्हणून..." त्या एवढंच म्हणाल्या.

"तू हाक मारलीस म्हणून नाही. मी विसरलो म्हणून."

चिन-फा उठून खिडकीशी गेला आणि परत आला. त्याच्या तोंडावर घाम होता. "मग तर अजिबातच नाही," तो म्हणाला. "ताई, ऐक. आता तर दवाखान्यात हे नाव काढायचंच नाही. ऐंशीला आलेल्या माणसाला चौकशीला बसवायचं? आबांना? पंचक्रोशीत काय तोंड दाखवायचं?" आणि मग पहिल्यांदाच तो धाकट्या भावाकडे साथ मागायला वळला. "वेन-छुआन, तू तरी सांग तिला."

मघाशी वेन-छुआनने बायकोचा दोष अंगावर घेतला होता, तो पटकन घेतला होता. आता वडिलांचा प्रश्न होता. तो खुर्ची मागे सारून उठला.

"तिचा डोळा आहे," तो शेवटी म्हणाला. "ती ठरवेल." आणि गाडीची किल्ली घ्यायला तो आत गेला.

गाडीत पी-श्याताई पुढे बसली. मागे हुई-चन. दार लावणार तेवढ्यात आबा टोपी घालून आले आणि तिच्या शेजारी बसले. सासूबाई दारात उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या, पण काच वर होती.

वाटेत हुई-चनच्या मनात सारखा एकच हिशेब चालला होता. सूर्य म्हटलं तर मंगळवार वाचतो. डावा डोळा चांगला आहे, पाहुण्यांसमोर एक जोड डाव्या डोळ्यावर टाकता येईल. आबांचं नाव कोणाच्या कागदावर येणार नाही. चिन-फा जन्मभर उपकार मानेल. खरं म्हटलं तर यातलं काहीच नाही. मग तिला शेडमधली अकराही माणसं एकेक करून आठवली. गुरुवारी सकाळी चष्मा डोक्यावर सरकवून तिच्याऐवजी टाकीत कोणीही वाकलं असतं. हा विचार आला आणि मग तो जाईना.

आबा सबंध वाटेत खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "चिन-फा वाईट नाही."

"माहीत आहे, आबा."

"त्याला मी असा केला. घरचं घरात, असं लहानपणापासून शिकवलं."

दवाखान्यात रांग होतीच. फटाक्याने बोट भाजलेला एक माणूस, थडग्यावर पाय मुरगळलेल्या दोन म्हाताऱ्या. खिडकीतल्या नर्सने मान वर न करता विचारलं, "काय झालं?"

"डोळा," हुई-चन म्हणाली. "लेझर लागला."

नर्सने आता मान वर केली. "खेळण्यातला? सादरीकरणाचा? कसला?"

पी-श्याताई तिच्या उजवीकडे होती, वेन-छुआन डावीकडे. हुई-चनने खिडकीच्या काठाला धरलं.

"पत्रे जोडायचा," ती म्हणाली. "कामावर."

नर्सची बोटं कळफलकावर चालायला लागली. "कारखान्याचं नाव? आणि तिथं जबाबदार कोण?"

हुई-चनने नाव सांगितलं. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक टोपी पुढे आली.

"मी," आबा म्हणाले. "ल्याव तिएन-शुई. तिएन म्हणजे आकाश, शुई म्हणजे पाणी. बरोबर लिहा. आणि तिची चूक नाही, हेही लिहा. तशी जागा आहे का कागदावर?"

"ते चौकशीला आले की त्यांना सांगा, आजोबा," नर्स म्हणाली. पण तिने काहीतरी टाईप केलं खरं.

तपासण्यांना दोन तास गेले. डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी टेकवून बसवलं, चौकटीचा कागद दाखवला आणि कुठल्या रेघा वाकड्या दिसतात, कुठल्या दिसतच नाहीत, ते पेन्सिलीने काढायला सांगितलं. तिने काढलं ते लिंबाएवढं गोल होतं. डॉक्टरीण तरुण होती आणि फार गोड बोलायच्या भानगडीत पडली नाही. पडद्यावर तिने हुई-चनच्या डोळ्याच्या आतलं चित्र दाखवलं. नारिंगी जमिनीवर, बरोबर मधोमध, एक छोटं भोक.

"आजूबाजूची सूज उतरेल. गोळ्या देते. दोन-तीन महिन्यांत कडा थोड्या आत येतील, वाकड्या रेघा सरळ होतील," ती म्हणाली. "पण हे मधलं जळलंय. ते परत येत नाही. गुरुवारीच आला असतात तरी हे एवढं राहिलंच असतं, म्हणून त्याचं मनाला लावून घेऊ नका. उद्यापासून जोडकाम बंद. निदान डावा डोळा सांभाळायला."

"किती दिवस?" वेन-छुआनने विचारलं.

डॉक्टरिणीने त्याच्याकडे नाही, हुई-चनकडे पाहिलं. "बारीक काम या डोळ्यावर पुन्हा होणार नाही."

हुई-चनने "बरं" म्हटलं. बाजारात भाव ऐकून म्हणतात तसं.

बाहेर आल्यावर वेन-छुआन कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलायला लागला. सोयादुधाच्या यंत्रवाल्यांशीच बोलत होता. तिला तुटक तुटक ऐकू येत होतं. अपघात झालाय... नाही, लपवत नाही... यंत्र बंद ठेवलंय, तपासणी होईपर्यंत... हो, कळतंय मला, दुसरीकडे देणार असाल तर... मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. पी-श्याताई औषधं घ्यायला गेली, दवाखान्यातलं औषध महाग लावतात म्हणून पुटपुटत. थोड्या वेळाने चिन-फाचा फोन आला. वेन-छुआनने तो तिला दिला. तिकडून तो म्हणाला, "मुख्य खटका पाडला मी. बंदुकीची पेटी कुलपात घातली. किल्ली आईकडे दिलीय." मग विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?"

"दादा, मधलं जळलंय. राहणार तसंच."

"जेवलीस का?" त्याने विचारलं, आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवला.

बाकावर आता ती आणि आबा दोघंच होते. थेंबांमुळे डोळे जड झाले होते, दिवे मोठे दिसत होते. रडू येईल असं तिला वाटत होतं, पण येत नव्हतं. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. उजवा हात थरथरत होता. आता त्यांनी तो झाकला नाही.

"हुई-चन."

"हं."

"डावा झाकून माझ्याकडे बघ. खरं सांग. मी दिसतो का?"

तिने झाकला. आबांचे पांढरे केस दिसले. सदऱ्याची कॉलर दिसली, दोन्ही कान दिसले. मधे राखाडी थेंब.

"तुमचा चेहरा नाही, आबा," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "कान आहेत. केस आहेत. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही."

आबा हलले नाहीत. सपकन काहीतरी लागल्यासारखा त्यांचा श्वास तेवढा आत गेला. समोरून चाकाच्या खुर्चीवर कोणाला तरी घेऊन गेले. मग आबांनी घसा साफ केला, आणि शेडमध्ये नव्या माणसाला पत्रा कसा धरायचा ते सांगायचे त्या आवाजात म्हणाले, "सरळ बघू नकोस मग. माझ्या कानाकडे बघ. डाव्या. नजर तिथंच ठेव."

तिने नजर त्यांच्या कानावर नेली आणि तिथंच धरून ठेवली. थेंब कानावर जाऊन बसला. आणि त्याच्या बाजूला, जरा धूसर, जरा कडेला, आबांचं नाक आलं, मिटलेलं तोंड आलं, आणि दोन्ही डोळे. ओले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता दिसताय," हुई-चन म्हणाली.